सात नंबरच्या टाकीवरचा गोल

मी वाइन विकते. बोलण्यात मला कोणी हरवलं नाही, पण मामांचा विषय निघाला की जीभ जड होते.

आमच्या वाइनच्या कारखान्यात सगळे त्यांना मामाच म्हणायचे; ते तळघरातल्या टाक्या सांभाळायचे. तीस वर्षं रोज टाकीला कान लावून ऐकायचे. आतला रस अजून फसफसतोय असं वाटलं की टाकीवर खडूनं गोल काढायचे. गोल असेपर्यंत टाकीला मालकांनीही हात लावायचा नाही, अशी तिथली रीत होती.

मी एका हॉटेलाला दोनशे खोकी कबूल करून बसले होते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मामा बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर, आणि सात नंबरवर गोल. मी घोटभर चाखली. मला तर झकास लागली. मी रुमालानं गोल पुसला. सकाळी बाटल्या भरणाऱ्यांना गोल दिसला नाही, त्यांनी टाकी उघडली.

तीन आठवड्यांनी हॉटेलातल्या कपाटात बुचं उडू लागली. मालकांनी सगळ्यांना तळघरात उभं केलं.

"मी गोल काढला होता," मामा म्हणाले.

"मग पुसला कोणी, भुतानं?"

मी माझ्या चपलांकडे पाहत राहिले. त्या पाहण्याची आजही लाज वाटते.

मामांना लेबलं चिकटवायला बसवलं. ते भांडले नाहीत. उलट आठवड्याभरात स्वतःच म्हणायला लागले, "काढायचा राहिलाच असेल. वय झालं." मग कुलूप लावलं का ते तीनतीनदा बघणं सुरू झालं. आपण डबा खाल्ला का, हे मला विचारणं सुरू झालं. ताठ मानेचा माणूस माझ्या डोळ्यांदेखत खचत गेला आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. नोकरी जाईल ही भीती, दुसरं काही नाही.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी शेवटचं लेबल चिकटवून झालं, तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"मामा, तुम्ही गोल काढला होता. मी पुसला."

शिव्या घालतील असं वाटलं. त्यांनी बोटांवरचा डिंक सावकाश पुसला.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही."

"नक्की?"

"माझा रुमाल खडूनं पांढरा झाला होता, मामा."

त्यांनी पिशवीतून गोळ्यांची दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली. "विसरण्यावरच्या आहेत. दोन वर्षं घेतोय."

मला रडू आलं. ते उठले, पिशवी खांद्याला लावली.

"मालकांना उद्या सांग. आधी घरी चल, माझ्या बायकोला सांग. ती मला एकट्याला रस्ता ओलांडू देत नाही."