नातवाच्या जंगलात पोचण्यासाठी

हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. धाकटीला यातलं बरंच ठाऊक आहे, म्हणून जिथे मी 'तू' म्हणते तिथे तो मोठा नातू समजावा.

होळीनंतर तू फोनवर येणं बंद केलंस. आधी अभ्यास होता, मग झोप होती, मग कारण सांगणंही थांबलं. परदेशातली नवी शाळा तुला मानवली नाही, एवढंच तुझे बाबा बोलले. मी फोन केला की पडद्यावर धाकटी यायची आणि तिच्या मागे तुझ्या खोलीचं बंद दार दिसायचं. मी वर्गात मुलांना गप्प करण्यात जन्म घालवला. गप्प झालेल्याला बोलतं कसं करायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मग एकदा धाकटी म्हणाली, "आजी, दादा गेममध्ये बोलतो. तिथे त्याने टेकडीवर घर बांधलंय. तो म्हणाला, आजीला बघायचं असेल तर तिथे ये म्हणावं." तू ते चिडून म्हणाला असशील. मी ते आमंत्रण धरलं. पण येत्या रविवारी संध्याकाळी गेमवाले ते सगळं जग पुसून नवं सुरू करणार होते, घरासकट. म्हणजे जायचं तर रविवारी, तुमच्या सकाळी. तुमची सकाळ म्हणजे आमच्या मूल गावातली भर दुपार, आणि महिना मे.

घरात तुझ्या बाबांचा कॉलेजातला लॅपटॉप होता. बॅटरी मेलेली, वायर लावली तरच चालणारा. गेम उतरायलाच दोन दिवस लागले. सुरू केला तर पडद्यावर जंगल आलं आणि थिजलं. माउस हलवला की बऱ्याच वेळाने झाड हलायचं. वर इंग्रजीत सूचना होती की हे यंत्र गेमच्या किमान गरजेपेक्षा कमी आहे. कमी आहे हे मला सांगायची गरज नव्हती.

सेटिंग्जचं पान उघडलं. इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला त्या पानावरचा प्रत्येक शब्द वाचता येत होता, आणि त्यातला एकही काय करतो ते कळत नव्हतं. म्हणून मी माझ्या पद्धतीने गेले. एक गोष्ट कमी करायची, गेम बंद करून पुन्हा लावायचा, बघायचं. आधी सावल्या घालवल्या. मग गवत. मग पाण्यातली चमक, ढग, पानांचं हलणं. रिझोल्यूशन इतकं खाली आणलं की माणसाचा चेहरा शेणाने सारवल्यासारखा दिसायला लागला. शेवटी लांबचं दिसणं कमी केलं, तेव्हा टेकड्याच नाहीशा झाल्या आणि माझ्याभोवती राखाडी धुकं उरलं. आमच्या या जंगलांच्या जिल्ह्यात राहून मी एक आख्खं जंगल उजाड केलं आणि मला आनंद झाला, कारण पडद्यावरचा माझा माणूस पाऊल टाकायला लागला होता.

पण यंत्र तापत होतं. तापलं की पुन्हा थिजत होतं. कूलरसमोर ठेवून बघितलं, तर कूलरचा पंप सुरू होताना वीज मंदावली आणि बिनबॅटरीचा लॅपटॉप पटकन विझला. कूलर आणि तू, दोन्ही एकदम चालणार नव्हते. रविवारी मी कूलर आणि पंखा बंद केले, डोक्यावर ओला टॉवेल घेतला आणि बसले.

तळ्यावर मासे धरणारी आपली शेजारीण मासे द्यायला आली आणि दारातच थबकली.

"बाई, काऊन बसून राह्यल्या अशा? कूलर बंद, पंखा बंद. मराचं हाय का?"

"नातू येणार आहे."

"कुठी?" तिने रस्त्याकडे पाहिलं.

"यात."

तिने लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "विमानानं आला असता तं मासे तरी खाल्ले असते. याच्यात काय खाईन तो?" मला हसू येईना, हे बघून ती जवळ आली. लॅपटॉपवर हात ठेवला आणि लगेच झटकला. "अवो, हा तं तव्यावानी तापला! यानं काय नातू येते? माठाले काय करतो आपण? बारदाना वला करून गुंडाळतो. तसंच करा."

मलाही ते पटलं. इतक्या उन्हाळ्यांत माठ थंड राहिला तो ओल्या बारदान्याने, म्हणजे गोणपाटानेच, माझ्या हातांना दुसरा उपाय ठाऊक नव्हता. ओला बारदाना टेबलावर पसरला, पाणी आत जाऊ नये म्हणून मी वर प्लास्टिकची पिशवी अंथरली, तेवढी शिकलेली होते, आणि त्यावर लॅपटॉप नीट बसवला. खालून गार लागत होतं. आम्ही दोघी समाधानाने बघत राहिलो. ते यंत्र खालच्या जाळीतून श्वास घेतं आणि आम्ही तिलाच पिशवी लावली होती, हे मला तुझ्या बाबांनी नंतर सांगितलं.

तू आलास. धुक्यातून एक ठोकळा पुढे आला आणि माझ्यासमोर उड्या मारायला लागला. आवाज येत नव्हता, माझ्या मायक्रोफोनचं काहीतरी चुकलं होतं. तू वळलास आणि चालू लागलास. मी मागे निघाले. तू पुढे जायचास, धुक्यात नाहीसा व्हायचास, परत यायचास. उभा राहायचास. माझं बोट बटणावर इतकं दाबलेलं होतं की नख पांढरं झालं.

"तोच का?" शेजारणीने विचारलं.

"तोच."

"चालते तं तुमच्या लेकावानीच."

चढ लागला. पावलं अडखळायला लागली. तू थांबलास, मी थिजले. मी एक पाऊल टाकलं आणि ते बऱ्याच वेळाने पडलं. वर धुक्यात काहीतरी सरळ कडेचं, काळपट दिसलं. भिंत असावी. मी मोठ्याने म्हटलं, "आलेच रे, थांब," जणू तुला ऐकू जाणार होतं. आणि पडदा काळा झाला.

बटण दाबलं. पुन्हा दाबलं. वायर काढून लावली. लॅपटॉप उचलला तर पिशवी वितळून खाली चिकटलेली. शेजारीण पदराने वारा घालत होती, लॅपटॉपला की मला, ते सांगता येत नाही. मी रडत नव्हते, घाम होता, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "हो बाई, घामच होय तो."

फोन मीच लावला. धाकटीने उचलला. ती कुजबुजत होती.

"आजी, तू झोपलीस! गेम बंद झाला की माणूस तिथेच झोपतो. तू रस्त्यात पडलीयेस. तिथे अस्वलं येतात."

"दादा गेला का घरात?"

"नाही. तो स्वतःचं घर तोडतोय."

"का गं?"

"लाकडं पाहिजेत ना. तो तुझ्याभोवती भिंती बांधतोय."

त्या जगाला संध्याकाळपर्यंतचंच आयुष्य होतं, आणि हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. फोनमध्ये खरखर झाली, कोणीतरी तो हातातून घेतला. नुसता श्वास ऐकू आला. मी शेजारणीला बोटाने गप्प बसवलं.

मग तुझा आवाज आला, होळीनंतर पहिल्यांदा, आणि तो थोडा फुटलेला होता.

"आजी, दार कुठल्या बाजूला ठेवू?"

"पूर्वेला ठेव," मी म्हटलं.

"पूर्व कुठेय इथे?"

"मला कसं कळणार रे? मला तर धुकंच दिसत होतं."

"थांब," तू म्हणालास, "सूर्य बघून सांगतो."