बिनस्टँडची सायकल

आमच्या घरात धरायचं खातं माझ्याकडं आहे. नवरा मोटारीचा स्टार्टर खोलून बसला की बॅटरी मी धरायची. डॉक्टर गाईला इंजेक्शन द्यायला आले की दावं मी धरायचं. सासरे माळ्यावर चढले की शिडी धरायला हाक मलाच. "अगं, जरा धर" हे तीन शब्द लग्नापासून इतक्यांदा ऐकलेत की झोपेत कुणी म्हणालं तरी माझा हात पुढं होईल. इटलीची ती सायकल माझ्या हातात आली तीही अशीच.

मुलगा पुण्यात कंपनीत होता तेव्हा बरीच वर्षं मन मारून त्यानं ती घेतली. दोन वर्षं चालवली आणि त्याला हॉलंडची नोकरी लागली. जायच्या आधी सायकल गाडीत घालून तो खुटबावला आला. अंगणात ती खाली काढली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "आई, जरा धर."

मी धरली. "अरे, पण स्टँडवर लाव की."

"हिला स्टँड नसतो."

"घंटी?"

"नसते."

"मडगार्ड, कॅरिअर?"

"आई!"

सासऱ्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. ते बाजेवरून म्हणाले, "मंग हाय काय हिला?"

होता तो रंग. पिकलेल्या जांभळाचा, उन्हात काळा आणि सावलीत जांभळा. आणि वजन जवळपास नव्हतंच. आप्पांनी एका हातानं उचलून बघितली, मग दोन बोटांनी उचलली, मग रस्त्यानं चाललेल्या प्रत्येकाला बोलावून उचलायला लावली. लोखंड नाही, ही कार्बनची असते, असं मुलानं समजावलं. "म्हंजी कोळशाची?" आप्पा म्हणाले. पुढं महिनाभर ते गावभर कोळशाच्या सायकलीचीच गोष्ट सांगत होते.

जाताना मुलानं कांद्याच्या खोलीत दोन हुकांना सायकल टांगली, वर चादर घातली आणि कुणाला हात लावू देऊ नको म्हणून बजावलं. मला मात्र काम देऊन गेला. आठवड्यातून एकदा चाकं फिरवायची, त्याच्या पंपानं हवा भरायची, साखळीला दोन थेंब तेल सोडायचं. म्हणजे धरायच्या खात्यात आणखी एक भर पडली.

काही आठवडे मी इमानानं चाकं फिरवली. चाक उलटं फिरवलं की रातकिड्यासारखा बारीक आवाज यायचा, आणि एकदा सोडलं की ते थांबायचं नावच घ्यायचं नाही. मी सगळी खोली झाडून काढायचे तरी ते आपलं फिरतच. मला वाटायचं, एवढं पळायची हौस असलेल्या जिवाला आपण टांगून ठेवलंय. शेवटी एका रविवारी पुसायच्या निमित्तानं मी ती बाहेर काढली.

मुलगा उंचीला माझ्यावर गेलाय, त्यामुळं सीट मला बरोबर मापात आली. सायकल मला येत होती. मांडवगण फराटा हे माझं माहेर. तिथं भावाच्या काळ्या सायकलवर मी कैची मारत शिकले होते आणि पुढं शाळेला तीच घेऊन जायचे. लग्न झालं आणि सायकल सुटली. कुणी बंदी नव्हती घातली, पण सुनेनं सायकलवर कुठं जायचं असतं? शेत घराला लागून, दुकान चार पावलांवर, आणि लांब जायचं तर कुणीतरी मोटरसायकलवर सोडायला असतंच.

मुलाच्या सायकलचे पायडल खास बुटांचे होते. मी मोबाइलवरून साधे मागवले आणि नवऱ्याच्या पान्यानं बसवले. डावा पायडल उलट्या आट्याचा असतो हे कळेपर्यंत माझा निम्मा दिवस आणि तोंडातल्या बऱ्याच शिव्या खर्ची पडल्या. मग मुलाची जुनी ट्रॅक पँट, डोक्याला घट्ट ओढणी, त्यावर त्याचं हेल्मेट. आप्पा म्हणाले, "सूनबाई, डोक्यावं टोपलं कशाला?"

"पडले तर फुटू नये म्हणून."

"टोपलं का डोकं?" असं विचारून ते स्वतःच हसत बसले.

पहिल्या दिवशी ब्रेकला नुसतं बोट लावलं आणि मी चारीत जाता जाता वाचले. गिअर कुठं असतात हे मला ठाऊकच नव्हतं. ब्रेकच्या मागच्या पट्टीला चुकून धक्का लागला, खट् असा आवाज झाला आणि पाय एकदम हलके झाले. मी परत खट् केलं. मग उसाच्या कडेकडेनं जाताना मी सारखी खट् खट् करत होते आणि एकटीच हसत होते. दुधाचे कॅन घेऊन चाललेल्या शेजाऱ्यानं गाडी हळू करून विचारलं, "वैनी, बरं हाय ना?" एवढं बरं मला कधीच नव्हतं.

ज्यानं ती सायकल चालवली नाही त्याला सांगून कळत नाही, तरी सांगते. आपल्या नेहमीच्या सायकलवर आपण जोर लावतो, त्यातला निम्मा सायकलच खाते. ही काही खात नाही. जेवढा जोर द्याल तेवढा ती रस्त्याला देते. खडी असली तर हाताला खडी कळते, नवं डांबर असलं तर कळतच नाही की खाली रस्ता आहे. आणि वारं पाठीशी असलं की एक वेळ अशी येते की कानातला आवाज बंद होतो. आपणही वाऱ्याच्याच वेगानं चाललेलो असतो म्हणून. तेव्हा फक्त साखळीची सुरसुर ऐकू येते आणि आपला श्वास. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी मोठ्यांदा "आई गं!" म्हणाले. बांधावरचे बगळे उडाले.

एकदा अशीच वाऱ्याबरोबर भीमेच्या पुलावर पोचले. पूल ओलांडला की शिरूर तालुका, आणि पुढं माझं मांडवगण. थांबून मी पाणी प्यायले आणि मनात आलं, एवढं तर आलोच आहोत.

माहेरी जायला बाईला कारण लागतं. लग्न, बारसं, दहावं, गावची जत्रा. मग कोण सोडणार, कोण आणणार, स्वयंपाकाचं काय, हे सगळं आधी ठरतं. आणि मी त्या सकाळी विनाकारण भावाच्या दारात उभी राहिले. भावजय घाबरून बाहेर पळत आली. "काय झालं? आप्पा बरं हायत ना?"

"सगळे बरे आहेत. चहा टाक."

तिला बराच वेळ पटेना. कुणाचं काही झालेलं नाही, कुणाशी भांडण नाही, नुसती चहाला आलेय. मग पटलं तशी ती बसली माझ्याशेजारी, आणि आम्ही काहीही महत्त्वाचं न बोलता गप्पा मारल्या. येताना वारं तोंडावर होतं. माहेराहून परतताना पाय जड होतात म्हणतात ते त्या दिवशी अक्षरशः खरं झालं, पण मी खट् करून गिअर हलका केला.

मग ते रविवारचं ठरूनच गेलं. नवरा साखर कारखान्यात आहे. त्याची रात्रपाळी असली तर तो घरी यायच्या वेळेला मी निघालेली असायचे. एक-दोनदा तो "नाश्त्याचं काय?" म्हणाला. मी म्हणाले, पोहे भिजवलेत, फोडणी द्यायला हात पुरे. त्यानं दिली. अंगात जोर असला तर मी घोड नदीच्या काठी इनामगावपर्यंत जाऊन यायचे. तिथं हजारो वर्षांपूर्वीची वस्ती सापडली, त्या जागेजवळ बसून शेंगदाणे खायचे. त्या वेळच्या बायकांना माहेर किती लांब असेल, असले रिकामे विचार करायचे. मुलाला मात्र यातलं काही सांगितलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर तो विचारायचा, "आई, चाकं फिरवतेस ना?" मी म्हणायचे, "फिरवते की." खोटं त्यात काही नव्हतं.

दिवाळीला तो आला. फराळाचं ताट समोर ठेवलं तेव्हा सहज म्हणाला, "तिकडं मी दुसरी सायकल घेतली. ही पडूनच आहे, विकून टाकतो. पुण्याचे एक डॉक्टर रविवारी बघायला येतायत."

माझ्या हातातली चकली मोडली. तो खोलीत गेला, चादर काढली आणि तिथूनच ओरडला, "हे पायडल कुणी बदलले?"

मी बोलायच्या आत आप्पांनी बाजेवरून जाहीर केलं, "तुझ्या आयला इचार! मांडवगणाला जाऊन येती, म्हातारं अंघोळीला उठायच्या आत!"

मुलगा बाहेर आला. रागावला नाही. हसला, खूप हसला, माझा हेल्मेट घातलेला फोटो काढायचा म्हणून मागं लागला. मग म्हणाला, "एवढी आवड असेल तर तुला दौंडातून एक लेडीज सायकल घेऊन देतो. पुढं बास्केटवाली. भाजी आणायला बरी पडेल."

मी म्हणाले, "बरं."

बरं! मला माझाच इतका राग आला की भांडी घासताना एका पातेल्याला पोचा पडला. तसं माझं तोंड काही कमी नाही. कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीवरून मी भर रस्त्यात भांडलेय, नवऱ्याच्या बढतीसाठी त्याच्या साहेबाच्या घरी जाऊन बोललेय. दुसऱ्यासाठी मला अख्खा तालुका घाबरतो. पण स्वतःसाठी मागायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. सायकल त्याची, त्याच्या कष्टाची. तिच्यावर बसायला कुणी सांगितलं होतं? रविवारपर्यंत मी रोज ठरवलं की आज बोलायचं, आणि रोज त्याला आणखी एक लाडू वाढला.

रविवारी डॉक्टर आले. गाडीला मागं सायकल अडकवायचा स्टँड लावूनच आले होते, म्हणजे न्यायच्या तयारीनंच. मुलानं सायकल अंगणात आणली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "आई, जरा धर."

मी धरली.

डॉक्टर माणूस सज्जन. वाकून साखळी बघितली, चाक फिरवलं, म्हणाले, "फार निगा राखलीय. कोण चालवतं?"

"दोन वर्षं मी. नंतर आईनं," मुलगा हसत म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही? मग तुम्हीच सांगा, कशी आहे?"

खोट काढावी असं एक क्षण मनात आलं. पण तिच्यासमोर उभं राहून तिच्याबद्दल वाईट बोलवेना. मी खरं तेच सांगितलं. वारं पाठीशी असलं की आवाज कसा बंद होतो, भीमेच्या पुलावर सांध्यावरून जाताना हँडल कसं गुदगुल्या करतं, वळणावर नुसतं तिकडं बघितलं तरी ती कशी वळते. बोलता बोलता मी हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, ते मला शेवटच्या वाक्याला कळलं.

"वा," डॉक्टर म्हणाले. "घेतली मी."

"आई, दे इकडं," मुलगा पुढं आला.

मी सोडली नाही.

"आई?"

"नाही देणार."

"अगं, डॉक्टर थांबलेत. चहा तरी टाक."

"चहा तू टाक. चहा टाकायला सायकल सोडावी लागेल, आणि मी ती सोडत नाही." मग जीभ सुटलीच. "मला पाहिजे ही. बास्केटवाली नको. भाजी तुझे वडील आणतील. मला मांडवगणाला जायचं असतं, आणि मला हीच पाहिजे."

 आप्पा बाजेवरून म्हणाले, "न्हाई सोडायची ती. वळखतो म्या तिला."

डॉक्टर हसायला लागले. असा हँडल घट्ट धरलेला मालक दिसला की सायकल घ्यायची नसते, म्हणाले. मुलानं केलेला पाकासारखा गोड चहा त्यांनी पूर्ण प्यायला आणि वाटेत खायला चिवडा घेऊन रिकाम्या गाडीनं गेले.

मुलगा कपबशा उचलून आत ठेवून आला आणि पायरीवर बसला. मग म्हणाला, "आधी का नाही बोललीस?"

"आता बोलले ना."

"हो," तो म्हणाला, आणि उठून माझ्या मापाचे बूट मोबाइलवर शोधायला लागला. जायच्या आधी त्यानं मला ट्यूब बदलायला शिकवली. तेवढ्यात आप्पांनी वेल्डिंगवाल्याला निरोप धाडला होता, सायकलला स्टँड डकवून द्यायला. मुलानं कपाळाला हात लावला. "आई, सायकल तुझी. पण हिला स्टँड तेवढा लावू देऊ नकोस."

पुढच्या रविवारी उजाडता उजाडता मी सायकल अंगणात काढली आणि बघते तर एका बुटाची नाडी सुटलेली. तेवढ्यात रात्रपाळी करून नवरा फाटकातून आत आला. हातात डबा, डोळे झोपेनं तांबारलेले.

"अहो," मी म्हणाले, "जरा धरा."

त्यानं डबा खाली ठेवला आणि सायकल धरली. मी पायरीवर बसले. एक नाडी बांधली, मग चांगली असलेली दुसरीही सोडून सावकाश पुन्हा बांधली. तो धरून उभा होता.