पंचांचा तिसरा प्रश्न

विट्याजवळच्या आमच्या मैदानावर कबड्डीचे पंच म्हणून एक निवृत्त सुभेदार यायचे. गळ्यातली शिट्टी ते चहा पितानाही काढत नसत. मी गुण लिहायला बसायचो. कुणाचं डोकं आपटलं की गावकरी कांदा फोडून नाकाला लावायचे आणि गड्याला पुन्हा खेळायला ढकलायचे. सुभेदार आडवे यायचे. "कांदा कालवणात घाला," म्हणायचे आणि खेळाडूला विचारायचे, "वार कंचा? गुण किती?" अडखळला की खेळ बंद, थेट दवाखाना. "मी बरा हाय म्हणंल त्यो. डोक्याला लागलेल्याचं ऐकायचं न्हाई."

खेळाडू बिलंदर. पडल्या पडल्या गुणफलक वाचून घ्यायचे. मग सुभेदारांनी तिसरा प्रश्न काढला, दर वेळी वेगळा.

परवा झटापटीत धक्का लागून तेच मागं पडले. डोकं सिमेंटच्या कट्ट्यावर आपटलं. उठून पँट झटकत म्हणाले, "मला काय झालं न्हाई. चालू करा."

मी भीत भीत विचारलं, "आवं सुभेदार, वार कंचा?"

"रविवार. सतरा-चौदा." बिनचूक.

"आन् शिट्टी कुठाय?"

ते दोन्ही खिसे चाचपत राहिले. मी गळ्याकडं बोट दाखवलं. त्यांनी शिट्टी उचलली, क्षणभर बघितली, जोरात फुंकली आणि स्वतःच्याच छातीवर हात ठेवून म्हणाले, "बाद."

दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांनी मला तीनदा विचारलं, "बाद कोण झालं रं?"

खरं सांगायचा धीर मला एकदाही झाला नाही.