पडायचा सराव

माझ्या नवऱ्याला पडायला आवडायचं. छत्तिशी उलटल्यावर तो ऑफिसातल्या लोकांबरोबर पहिल्यांदा स्कीइंगला गेला, तिथे नुसता पडत राहिला, आणि मांडीवर वांग्याच्या रंगाचे डाग घेऊन घरी आला. ते डाग दाखवताना त्याचा चेहरा वर्गात पहिला आलेल्या मुलासारखा झाला होता. पुण्यात वाढलेला माणूस, लहानपणी बर्फ पाहिला तो गोळेवाल्याकडचा. तेव्हापासून त्याचं एक मत पक्कं झालं. वय वाढलं की पडायची भीती वाढते, म्हणून पोरांना लवकर शिकवायचं. पाच पूर्ण झाली की लगेच.

त्यामुळे लंडनमधल्या स्टॅनमोरच्या आमच्या घरात रविवारी सकाळी सोफा भिंतीला सरकवला जाई आणि कार्पेटवर जुनी रजई अंथरली जाई. पार्सलच्या खोक्याचे पुठ्ठे कापून तो दोन्ही मुलांच्या पायांना बांधायचा. पहिला धडा पडण्याचा. कुशीवर पडायचं, ढुंगणावर आपटायचं नाही, हात मागे टेकायचे नाहीत. दुसरा धडा उठण्याचा. आधी कुशीवर वळायचं, गुडघे जवळ घ्यायचे, हात टेकून स्वतःला वर ढकलायचं. पायांचे चवडे आत आणि टाचा बाहेर केल्या की दोन पुठ्ठ्यांचा त्रिकोण व्हायचा. इथले शिक्षक त्याला पिझ्झा म्हणतात. आमच्याकडे त्याचं नाव समोसा होतं. पाय सरळ ठेवले की शेव. शेव म्हणजे सुटायचं, समोसा म्हणजे थांबायचं. सासूबाई पुण्याहून व्हिडिओवर हे बघायच्या आणि म्हणायच्या, अरे, पोरांना पाडतोस काय, आधी नीट जेवायला शिकव. मी जिन्याच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली असे. मध्येच मान वर करून बघे आणि पुन्हा पुस्तकात जाई.

मुलगा पाच वर्षांचा झाल्यावर नवऱ्याने त्याला खरोखरच्या बर्फावर नेलं. मुलीची पाळी यायची होती. ती सव्वाचारची असताना, गेल्या हिवाळ्यात, एका साध्या सोमवारी माझा नवरा ऑफिसात कोसळला.

त्या दिवशी मी फोनवर सगळ्यांना एकच वाक्य सांगत होते. ऑफिसात पडला. दुसरे शब्द तोंडातून येत नव्हते. उरलेलं समोरचा माणूस समजून घेई. मुलगी माझ्या मांडीवर नाहीतर टेबलाखाली होती. तिने ते वाक्य किती वेळा ऐकलं मला माहीत नाही. तिने त्याचा काय अर्थ घेतला हे कळायला मात्र काही महिने गेले. ती पळेनाशी झाली. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवू लागली. एकदा बागेत तिचा भाऊ सायकलवरून पडला. त्याचा गुडघा खरचटला, तो उठून पँट झटकत होता, आणि ही अशी किंचाळली की फाटकाजवळची माणसं धावत आली. आणि तिने माझा उजवा हात धरला तो सोडलाच नाही. दुकानात, शाळेच्या दारापर्यंत, झोप लागेपर्यंत. मी डाव्या हाताने कुलूप उघडायला शिकले. डाव्या हाताने पुस्तकाची पानं उलटायलाही शिकले, पण पानावरचं काही मनात शिरत नव्हतं.

सासूबाई दिवसांसाठी आल्या, परत गेल्या, आणि शरद ऋतूत पुन्हा आल्या. त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि मी त्याबद्दल त्यांची ऋणी होते. आम्ही दोघी एकमेकींशी भाजी, औषधं आणि मुलांचे डबे यांच्यापलीकडे फारसं बोलत नसू. दोघींकडे एकच विषय होता आणि त्याला हात लावायची कोणाचीच तयारी नव्हती.

ऑक्टोबरात मुलगी पाच वर्षांची झाली. केक कापून झाल्यावर तिचा भाऊ, जो बाबाबद्दल सहसा बोलत नाही, बशीकडे बघत म्हणाला की बाबा म्हणाला होता, पाच झाली की. मला नको होतं. मी इतकी दमलेली होते की गाडी काढून तासभर मोटरवेवर जायच्या कल्पनेनेच मला आडवं व्हावंसं वाटलं. पण कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभं राहून मी फोनवर मुलीच्या पहिल्या धड्याची वेळ ठरवून टाकली.

पुण्याहून चुलत नणंदेचा फोन आला. वर्ष व्हायच्या आत मुलांना घेऊन अशी हौसमौज करतात का, असं तिचं म्हणणं होतं. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “हौस कसली? शिकवणी आहे ती.” आणि फोन ठेवला.

धड्याच्या रविवारी मुलीला तयार करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. आतून बनियन, त्यावर थर्मल, त्यावर स्वतः विणलेला स्वेटर, त्यावर विकतचा. कानटोपी. पायात लोकरीचे मोजे, एकावर एक दोन. गाडीत मुलीचे हात खाली येत नव्हते. ती पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी बसली होती आणि त्यातला एक पंख पुढे करून माझ्या सीटची कड धरून होती.

स्की शिकवायची ती बर्फाची जागा बाहेरून गोदामासारखी दिसते. पाऊस पडत होता. सासूबाई छत्रीखालून बराच वेळ त्या पत्र्याच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

“बर्फ आत ठेवलाय?”

“हो, आई.”

“आणि बाहेर हे असं?”

“हो.”

“पैसे देऊन थंडीत जायचं. तुझा नवरा सांगायचा तेव्हा मला वाटायचं थट्टा करतोय.”

आत ओल्या हातमोज्यांचा आणि तळलेल्या चिप्सचा वास होता. मुलाने आपले बूट आपणच चढवले, स्की खांद्यावर घेतल्या आणि मोठ्या उतारावरच्या मुलांकडे निघून गेला, अगदी बापासारखा, मागे न बघता. मुलीला काउंटरवरून बूट दिले. ते जाड प्लॅस्टिकचे असतात, पायाला प्लॅस्टर घातल्यासारखे. पट्ट्या आवळल्याबरोबर तिने ओठ काढला.

“बूट चावतो,” ती म्हणाली. मग मोठ्याने, “आई, बूट खूप चावतो.”

लहान मुलांना शिकवणारी मुलगी विशीतली होती, नाकावर तपकिरी ठिपके, लालसर केसांची वेणी. ती गुडघ्यावर बसली, बूट उघडला आणि मोजे बघून हसू आवरत माझ्याकडे पाहू लागली. एकच मोजा हवा, तोही पातळ, असं तिने सांगितलं. जाड मोज्यांनी पाय आवळला जातो आणि उलट जास्त गार पडतो. कानटोपीवरून घातलेलं हेल्मेटही डोळ्यांवर येत होतं, तेही बदलावं लागणार होतं. मी हे सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी मोजे हातात घेतले, एकात एक गुंडाळले आणि पर्समध्ये ठेवले.

“आमच्याकडे थंडीवर एकच औषध होतं,” त्या म्हणाल्या. “अजून एक घाल.”

काउंटरवरून पातळ मोजे आणि लहान हेल्मेट मिळालं. बूट आता चावत नव्हता, पण फाटकापाशी आल्यावर मुलगी थांबली. आईवडिलांनी तिथून पुढे जायचं नसतं. काचेमागच्या कॅफेत बसून बघायचं. बाकीची मुलं आत गेली. हिने माझा हात दोन्ही हातांनी धरला.

“आई, मी पडणार?”

मी इतकी थकले होते की खोटं सुचलं नाही. “हो. पडशील.”

“मग?”

“मग उठशील.”

“बाबा नाही उठला.”

शिक्षिकेला मराठी येत नव्हतं, पण तिने वेणी मागे टाकली आणि दुसरीकडे बघितलं. सासूबाई माझ्या पाठीशी उभ्या होत्या. मी खाली बसले. इतके महिने मी हे वाक्य मनात जुळवत होते असं नाही. ते तिथेच, रबरी चटईवर, पहिल्यांदा सुचलं.

“बाबा पडला म्हणून गेला नाही,” मी म्हटलं. “त्याचं हृदय थांबलं. म्हणून तो पडला.”

तिने विचार केला. “आधी हृदय?”

“आधी हृदय.”

“मग पडला?”

“मग पडला.”

तिने एक हात सोडवून घेऊन स्वेटरवर ठेवला, दोन स्वेटरांमधून काही लागतं का ते बघत. हेल्मेटखाली तिचे डोळे मिटले होते.

“माझं चालू आहे,” ती म्हणाली.

मग ती गेली. दुसरा हात तिने इतक्या अचानक ओढला की तिचा लाल हातमोजा माझ्या मुठीतच राहिला. शिक्षिका तो न्यायला परत आली तेव्हा मी तिथेच बसून होते आणि मूठ उघडायची असते हे मला क्षणभर कळलं नाही.

कॅफेत सासूबाईंनी पिशवीतून थर्मास काढला आणि बाहेरचं आणायला बंदी आहे अशी पाटी असूनही टेबलाखाली चहा ओतला. काचेपलीकडे निळसर उजेड होता. लहान मुलांचा उतार म्हणजे नुसती एक उंचशी जागा, तरी आमची मुलगी तिच्या टोकाला काठीसारखी उभी होती. शिक्षिका समोर उलट्या पावली चालत, हात पसरून बोलावत होती. पिझ्झा म्हणत असणार. एकेक मूल तिच्या शेजारून घसरत खाली गेलं. ही हलेना.

चहा अर्धा ठेवून सासूबाई उठल्या. काचेपाशी गेल्या आणि दोन्ही तळव्यांची बोटं टोकाला जुळवून, मनगटं लांब ठेवून, डोक्याच्या वर त्रिकोण धरला.

“आई, हे काय करताय?”

“समोसा. तिला आठवत नसेल.”

शेजारच्या टेबलावरच्या एका गृहस्थांना ती प्रार्थना वाटली असावी. त्यांनी आपली खुर्ची आदराने बाजूला घेतली. सासूबाईंनी हात खाली घेतले नाहीत. त्यांनी हे फक्त फोनच्या पडद्यावर, पुण्यात, चष्मा पुसत पाहिलेलं होतं.

मुलीने वर काचेकडे बघितलं. किती वेळ बघत होती सांगता येणार नाही. मग तिने चवडे आत घेतले आणि हळूहळू, अगदी हळूहळू खाली येऊ लागली. शिक्षिका बाजूला झाली. आणि मुलगी पडली.

कुशीवर पडली. मी उठले तेव्हा माझी खुर्ची मागे आपटली. मी दाराकडे निघाले होते. सासूबाईंनी मान वळवली नाही, त्रिकोण तसाच काचेला टेकवून त्या म्हणाल्या, “थांब.” त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. “थांब जरा. पडलीय. बघू दे मला.”

मी थांबले. मुलगी बर्फावर पडून छताकडे बघत होती. शिक्षिकेने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. ती वळली. गुडघे जवळ घेतले. हात टेकले, ढकललं, स्कीवर स्की चढली आणि ती पुन्हा आडवी झाली. पुन्हा वळली. गुडघे, हात. उठली. उभी राहिली आणि पहिलं काम काय केलं, तर लाल हातमोजा छातीवर ठेवला आणि तपासून बघितलं. मग आमच्याकडे मान हलवली, म्हणजे सगळं ठीक आहे, आणि मुलांना पुन्हा वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याकडे चालू लागली.

सासूबाईंनी हात खाली घेतले. काचेवर त्यांच्या बोटांचे ठसे उमटले होते.

त्यानंतर ती बराच वेळ पडत राहिली. धडा संपल्यावर बाहेर आली तेव्हा केस कपाळाला चिकटले होते आणि दोन स्वेटरांच्या आत ती घामाने भिजली होती. “आजी, मी खूप पडलो,” तिने सांगितलं. “पडले म्हण,” आजी म्हणाली, आणि पर्समधले लोकरीचे मोजे काढून तिच्या गार पायांवर चढवले. भाऊ तोवर आला. त्याने तिला विचारलं की समोसा केलास का, आणि तिने हो म्हटल्यावर बाबासारखं तिच्या हेल्मेटवर टकटक केलं.

बाहेर पाऊस थांबला होता. दोघं पुढे चालत होती, वाद घालत, डबक्यांमधून. माझा उजवा हात रिकामा होता आणि त्याचं काय करावं मला समजत नव्हतं. मी तो कोटाच्या खिशात घातला आणि पुन्हा बाहेर काढला. बरं वाटत होतं असं मी म्हणणार नाही. नुसती झोप येत होती, उभ्याउभ्या.

सासूबाई गाड्यांच्या रांगेत थांबल्या. मुलांना ऐकू जाणार नाही इतकी ती पुढे गेल्याची त्यांनी खात्री केली.

“तो कसा पडला गं?” त्यांनी विचारलं. “कुशीवर?”

इतक्या महिन्यांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मीही कोणाला विचारलं नव्हतं. ऑफिसातल्या लोकांनी सांगितलं असतं, पण मी त्यांचा फोन अर्ध्यावर ठेवून दिला होता.

“माहीत नाही, आई.”

त्यांनी मान हलवली. जमीन ओली होती आणि त्यांच्या पायात सपाता होत्या, म्हणून मी हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला, घट्ट, मुलगी धरायची तसा. आम्ही सावकाश गाडीकडे चालू लागलो. गाडीचं दार उघडताना त्या म्हणाल्या, “ते पातळ मोजे इथे कुठल्या दुकानात मिळतात?”