भाऊजींचा हृदयाचा धडा

हृदयाबद्दल आमच्या भाऊजींइतकं बोललेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. अकोटच्या शाळेत ते जीवशास्त्र शिकवत, आणि हृदय सोडून बाकीचा अभ्यासक्रम म्हणजे त्यांच्या लेखी अडगळ. दर शनिवारी ते खाटकाकडून बकऱ्याचं हृदय आणत. "मास्तर, कलेजी न्या ना, हे कोन खाते?" असं तो दर शनिवारी विचारी. भाऊजी ते खायला नेत नाहीत, हे त्याला अखेरपर्यंत पटलं नाही. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने चार कप्पे आखून भाऊजी पोरांना रक्त म्हणून चालवत: उजव्या कर्णिकेतून उजव्या जवनिकेत, तिथून फुप्फुसांत, म्हणजे पाण्याच्या टाकीपर्यंत, मग डावी कर्णिका, डावी जवनिका, आणि तिथून धावत थेट वर्गात. एकदा मुख्याध्यापक समोरून त्या कप्प्यांत शिरले. भाऊजी ओरडले, "सर, उलटे काहून येऊन राहिले? झडप हाय तिथं! रक्त मांगं फिरत नसते!" मुख्याध्यापक मुकाट्याने वळसा घालून गेले.

माझी ताई म्हणजे त्यांची बायको. तिला दोन वर्षं दम लागत होता. जिना चढताना ती मधेच बसायची. सांगायला गेली की भाऊजी कागद ओढून हृदयाचं चित्र काढत, बाण दाखवत, आणि शेवटी म्हणत, "वजन कमी कर." ती मला एकदा म्हणाली, "मले बोलू तं देतच नाईत रे. मी दम म्हनलं का ते कर्णिका म्हनतेत." आम्ही दोघं हसलो. मीही हसलो, हे लिहायलाच हवं.

पाय सुजले तेव्हा मी तिला अमरावतीला नेलं. डॉक्टर म्हणाले, डावीकडची झडप गळते आहे, रक्त मागे फिरतंय, आणायला फार उशीर केला. सोबत आलेल्या भाऊजींनी सवयीने कागद ओढला आणि चित्र न काढताच परत ठेवला. ऑपरेशनच्या तारखेपर्यंत ताई राहिली नाही.

वर्षभर मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. मग एका दुपारी अकोटला काम निघालं आणि पाय तिकडे वळलेच. भाऊजींनी मला बसायला खुर्ची ओढून दिली. मग म्हणाले, "तिनं मले कधी सांगतलं होतं का रे?"

ओठांवर आलेलं सगळं मी गिळलं. "नाही," म्हणालो.

ते आत गेले आणि माझ्यासाठी चहा करून आणला. साखर घालायची राहिली होती. मी तो सगळा प्यालो.