पाच पौंड ऊन

तुकोजीच्या रागाला वेळकाळ नव्हता, पण त्याच्या कामाला होता. मोटारींच्या चाकांतली हवा तो उजाडता उजाडता मोजायचा; गाडी जागची हलायच्या आत, चाक गार असताना. त्याचा आजा फौजेत घोड्यांचे खूर तपासायचा. नातू ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या सरकारी मोटारखान्यात टायर तपासू लागला, आणि दोघेही सारखेच खडूस.

दुपारी पुन्हा मोजलं की काटा चढलेला असे. गार चाकात तीस पौंड, तापल्यावर पस्तीस. वरचे पाच उन्हाचे, ते सोडायचे नाहीत. सोडले तर गार झाल्यावर चाक बसतं, आणि बसलेलं चाक भरल्या गाडीखाली तापून फुटतं. म्हणून तो रोज वहीत लिहायचा: 'हवा ३५. पैकी ऊन ५ पौंड.' वीस वर्षं ही नोंद सगळ्यांना समजत होती.

मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत हे नवं राज्य झालं. हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला, अशी वाटणी ठरली. नवे तपासनीस आले, ते हिंदी बोलणारे. त्यांनी वही चाळली आणि मोटारखान्याचे प्रमुख भालचंद्रराव यांच्यासमोर तुकोजीला उभं केलं.

"ये रोज़ का पाँच पौंड ऊन कहाँ जाता है?"

हिंदीत ऊन म्हणजे लोकर. भर एप्रिलात, ग्वाल्हेरात, मोटारीच्या चाकापाशी लोकर! तुकोजीला आधी थट्टाच वाटली. ऊन म्हणजे धूप, असं त्याने हात वर करकरून सांगितलं. धूप पौंडात कधीपासून मोजतात, असं तपासनीसांनी विचारलं. तुकोजीने भालचंद्ररावांकडे पाहिलं. हा माणूस नया बाजारात मराठीत रडत जन्मला, उन्हात खेळून मोठा झाला. पण नव्या राज्यात त्याची जागा अजून पक्की व्हायची होती, आणि तो मूग गिळून बसला.

हुकूम निघाला. तुकोजीने लोकरीचा लेखी खुलासा द्यावा, तोवर चाकांना हात लावू नये, आणि सगळ्या मोटारींतली तीसच्या वरची हवा काढून टाकावी. ती त्याच दुपारी, भर उन्हात, काढली गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्टेशन वॅगन इंदूरला निघायच्या तयारीत उभी होती. आत भालचंद्ररावांची बायको इंदुताई, त्यांच्या सासूबाई आणि चार मुलं, टपावर ट्रंका. दहा पावलांवरूनच तुकोजीला बसलेल्या चाकांची जमिनीलगत फुगलेली पोटं दिसली. बंदी झुगारून त्याने मापक लावला. पंचवीस. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निरोप द्यायला उभ्या असलेल्या भालचंद्ररावांकडे न बघता तो इंदुताईंपुढे गेला आणि म्हणाला, मुलांना घेऊन खाली उतरा, गाडीतलं ऊन काढून घेतलंय.

इंदुताईंना ते लगेच कळलं. त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की भालचंद्रराव तुकोजीला बाजूला घेऊन गेले.

"हवा भर," ते हळू आवाजात, अगदी शुद्ध मराठीत म्हणाले. "पण वहीत ऊन लिहू नकोस. लोकरीचं मी मिटवतो."

"म्हणजे शब्द ठाऊक होता तुम्हाला."

भालचंद्ररावांनी पंप त्याच्यापुढे सरकवला. तो त्यांच्या पायाशी आपटून घरी जावं, असं तुकोजीला फार वाटलं. पण धाकटी मुलगी खिडकीतून त्याच्याकडे बघत होती. दात ओठ खात त्याने चारही चाकं भरली. गाडी इंदूरला नीट पोहोचली.

त्याच दिवशी त्याने खुलासा लिहिला, मराठीत, स्वतःच्या हाताने:

'रोजचे पाच पौंड ऊन मी घरी नेलेले नाही. सगळे सरकारच्या अंगणातच पडून आहे. दुपारी दोन वाजता यावे, डोक्यावरची टोपी काढावी आणि मोजून घ्यावे. साक्षीदार भालचंद्रराव. त्यांना मराठी येते.'