सेफ्टी ऑफिसरचे सिनेमे

सिंगापूरला बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये माझ्यासोबत राहणारा तेलुगू मित्र जुरोंग आयलंडवर, माझ्याच केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर होता. कोणाच्या खिशात चुकून लायटर सापडला, तर तो त्याचा दिवसभर पिच्छा पुरवायचा. घरी मी फोडणी टाकायला उभा राहिलो की हा आधी गॅसची नळी वाकून बघणार. असा माणूस एके दिवशी राजीनामा देऊन हैदराबादला सिनेमे काढायला गेला.

पहिला सिनेमा हळूहळू बहिरा होत चाललेल्या एका शाळामास्तरावर होता. चांगला होता, म्हणून आठवडाभरही चालला नाही. दुसऱ्यात हिरोने जीपला लाथ मारली, जीप आकाशात गेली आणि नेमकी व्हिलनवर येऊन पडली. तो तुफान चालला. मग मित्र तोच सिनेमा पुन्हा पुन्हा काढत राहिला. जीपच्या जागी ट्रक आला, पुढे बस आली, एवढाच काय तो कलात्मक विकास.

मी लग्न करून सिंगापुरातच बिशानला राहायला गेलो, मुलगी शाळेत जायला लागली, तेव्हा तो शूटिंगसाठी सिंगापूरला आला. हिरो केमिकल इंजिनियर आहे, तू सल्लागार म्हणून ये, असं त्याने कळवलं. मीही भाबडा, रजा टाकून मुलीला घेऊन गेलो. एका गोदामात पाईप उभे करून रिफायनरी केली होती. साठीला टेकलेला हिरो विग घालून पंचविशीतला झाला होता आणि पेट्रोलच्या टाकीवर बसून सिगार पेटवत होता. मी मित्राला बाजूला घेऊन ठिणगीबद्दल सांगू लागलो.

तो शांतपणे म्हणाला, "मला शिकवतोस? पण हिरोसाहेबांना सिगार हवी आहे."

तेवढ्यात हिरोने हाक मारली. मित्र धावत गेला आणि विग नीट बसेपर्यंत त्याच्यापुढे आरसा धरून उभा राहिला. मला तिकडे बघवेना.

तो परत आल्यावर माझ्या मुलीने तिच्या शाळेतल्या सिंगापुरी ढंगात विचारलं, "अंकल, टँक फुटली तर हा मरणार lah?"

"मेला तर इंटरव्हलनंतर काय दाखवू?" तो म्हणाला. युनिट हसलं. तो हसला नाही.

सिनेमा आपटला. दिग्दर्शकाने चांगल्या कथेची माती केली, असं हिरोने मुलाखतीत सांगितलं. कथा हिरोचीच होती. निर्मात्यांनी मित्राचे फोन उचलणं बंद केलं. शेवटी त्याने मला फोन करून, प्लांटमध्ये काही जागा आहे का, असं विचारलं. आवाज इतका बारीक होता की मी लगेच मॅनेजरच्या मागे लागलो आणि ऑनलाइन इंटरव्ह्यू ठरवला.

इंटरव्ह्यूला हा आलाच नाही. संध्याकाळी त्याने फोटो पाठवला: हिरोच्या पाया पडणारा तो स्वतः, शेजारी हार घातलेला हिरोचा मुलगा. पोराला पडद्यावर आणायची जबाबदारी त्याच्यावर टाकली होती. ज्याने चारचौघांत त्याची अब्रू घालवली, त्याच्याच पायावर हा डोकं टेकून होता, आणि चेहऱ्यावर परमानंद.

तो सिनेमाही तुफान चालला. मी मॅनेजरसमोर जायचं टाळत होतो, पण त्यानेच बोलावून घेतलं. तोही तेलुगू, सिनेमा दोनदा बघून आला होता. सही केलेला फोटो मिळेल का, म्हणाला. मी मित्राला कळवलं. फोटो आठवड्यात आला, त्यावर हिरोच्या मुलाची सही होती. स्वतःची सही करायचं मित्राला सुचलं नव्हतं, आणि मॅनेजरलाही ती नको होती.